आतला जुना माणूस

मी रोह्याच्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये एका उंच, वाळक्या गृहस्थांनी माझी चौकशी सुरू केली. नाव, गाव, शिक्षण यातलं काही त्यांनी विचारलं नाही. हातातला चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "सापाची भीती वाटते?"

"वाटते," मी म्हणाले.

"कधी चावलाय?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही."

"आज इथवर आलीस कशी?"

"पेणहून वडखळपर्यंत भावाच्या मोटारसायकलवरून. पुढे एसटीनं."

"मोटारसायकलची भीती वाटली?"

नाही वाटली, असं मी म्हणाले. त्यावर त्यांना मनापासून आनंद झाला. "त्या हायवेवर साप चावून मेलेलं माणूस तुझ्या ऐकण्यात नसेल. गाडीखाली गेलेली दहा असतील. तरी वाटेत दोरी पडलेली दिसली तर तू दचकणार, आणि ट्रक अंगावरून गेला तर नुसती ओढणी सावरणार. हे तू नाय करत. तुझ्या आत एक जुना माणूस बसलाय, तो करतो. त्याला ट्रक ठाऊक नाय. तो अजून जंगलातच हाय."

एवढं बोलून ते तासाला निघून गेले. शेजारी बसलेल्या भूगोलाच्या बाईंना मी विचारलं, हे कोण. "जीवशास्त्राचे सर," त्या म्हणाल्या. "होईल सवय."

सवय व्हायला वर्ष लागलं. सरांना एकच विषय होता आणि त्यात सगळं जग बसत होतं. माणूस असा का वागतो, याचं उत्तर त्यांच्या मते लाखो वर्षांमागे कुठल्यातरी झाडाखाली घडून गेलेलं होतं. आपण फक्त कपडे बदलले होते. प्राचार्यांच्या खोलीत शिरताना शिपाई खांदे का पाडतो, लग्नाच्या पंगतीत पोट भरलेलं असूनही जिलबी का खाल्ली जाते, एकानं जांभई दिली की अख्खी मीटिंग का देते, हे सगळं ते समजावून सांगत. एकदा शिपायानं प्राचार्यांसमोर मुद्दाम छाती काढून उभं राहून पाहिलं आणि बाहेर येऊन सरांना सांगितलं, "तुमचा जुना माणूस हरला." सर म्हणाले, "तुझे गुडघे बघितले मी. लटपटत व्हते."

सरांचं मूळ घर रोह्यापासून आत डोंगराकडच्या एका गावात, भातशेतीचं. वर्गात ते शुद्ध बोलायचे, बाहेर पडले की गावचं बोलायचे. खिशाला दोन पेनं आणि गळ्यात सुतळीला बांधलेलं एक भिंग. ते भिंग ते कशावरही धरायचे. शेवग्याच्या शेंगेवर, एसटीच्या तिकिटावर, एकदा तर माझ्या वडलांच्या हातावर.

बारावीला उत्क्रांतीचा धडा आला की सर घरून वालाची पिशवी घेऊन यायचे. त्यांच्याच शेतातले वाल. प्रत्येक पोराच्या हातात मूठभर टाकायचे आणि सांगायचे, "यात अगदी सारखे दोन शोधा. सापडले की घरी जा." शेजारच्या वर्गात कविता शिकवताना मला भिंतीपलीकडची शांतता ऐकू यायची. पंचेचाळीस पोरं अर्धा तास वाल न्याहाळत बसलेली असायची. कुणी घरी जायचं नाही. मग सर म्हणायचे, "नाही ना सापडत? आता पुस्तक उघडा. सगळी गोष्ट इथूनच सुरू होते."

दरवर्षी एखादा पोरगा ठरलेला प्रश्न विचारायचा, "सर, माकडाचा माणूस झाला, तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?" सर त्याची वाटच बघत असायचे. "माकड तुझा आजा नाही, चुलतभाऊ आहे. तुझा चुलतभाऊ डॉक्टर झाला म्हणून तुला कुणी विचारतं का, तू अजून डॉक्टर का झाला नाहीस?" पोरगा खाली मान घालायचा, कारण बहुतेक वेळा घरी तसं विचारलेलं असायचं.

सरांनी लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी राहायचे. सगळं आयुष्य पिलावळीच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं पिल्लू का नाही, हा प्रश्न स्टाफरूममध्ये त्यांच्या पाठीमागे चालायचा. त्यांना ते माहीत होतं. एकदा त्यांनी फळ्यावर गणितच मांडलं. पुतण्यात काकाचा पाव हिस्सा असतो. त्यांच्या भावाला चार मुलं. "चार पाव म्हणजे एक. म्हणजे एक अख्खा मी तयार हाय. आणखी करून काय करू?"

हे गणित मी शालोमकाकांना सांगितलं तेव्हा ते सोड्याच्या बाटल्या धूत होते. म्हणाले, "मग त्या चौघांना एका रांगेत उभं केलं की मास्तर दिसायला पायजे. मला तर चार बरी पोरं दिसतात."

शालोमकाकांबद्दल सांगितल्याशिवाय सरांबद्दल पुढे काही सांगता येणार नाही. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सोडा-सरबताचं दुकान होतं. ते बेने इस्रायली. आमच्या भागात ही मराठी बोलणारी ज्यू कुटुंबं कितीतरी पिढ्या राहिली. पूर्वी तेल गाळायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची. आता बहुतेक सगळी इस्रायलला गेली. काकांची दोन्ही मुलंही गेली होती. काकू वारल्यानंतर काका दुकान आणि मागच्या दोन खोल्या यांत एकटे राहात होते. बुटके, गोरे, तोंडात एकही दात स्वतःचा नाही, आणि आवाज असा की बाजारच्या टोकाला ऐकू जावा.

कॉलेज सुटल्यावर माझ्या गाडीला तासभर अवकाश असायचा. सर मला त्या दुकानात घेऊन गेले ते पंच म्हणून. "आमच्या दोघांत वाद असतो. तू भाषेची बाई. तुला विज्ञानातलं कळत नाय नि धर्मातलं पण. म्हणजे तू बरोबर मधली." मी लाकडी बाकावर बसायचे, काका न विचारता समोर लिंबू सोडा ठेवायचे आणि वाद सुरू व्हायचा.

"मास्तर, माझ्या हातात ही बाटली हाय," काका म्हणायचे. "आपोआप झाली काय? कुणीतरी बनवली. मग डोळा आपोआप झाला असं कसं म्हणतोस? बाटलीपरीस डोळा सोपा हाय?"

"शेठ, तुझ्या बाटलीला पिल्लं होतात?"

"नाय."

"झाली असती, आणि प्रत्येक पिल्लू थोडं वेगळं झालं असतं, आणि गळकी मेली असती नि धड राहिली असती, तर मी बाटलीबद्दल पण हेच बोललो असतो."

काका माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "हा मुद्दा सरांचा." काका मान डोलवून नवी बाटली उचलायचे. "बरं. आता सांग, पहिली बाटली कुणी ठेवली?" यावर सर इकडेतिकडे बघायचे आणि म्हणायचे, "ते ठाऊक नाय." मग मी मुद्दा काकांना द्यायचे. हरल्यावर कुणी चिडायचं नाही. शनिवारी मात्र दुकान बंद असायचं आणि त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये कुणाशीही भांडायचे.

या विषयाची पोहोच आमच्या पेणच्या घरापर्यंत गेली. वडलांचा गणपतीचा कारखाना होता. सर एकदा श्रावणात बघायला आले आणि आखणी चालू होती तिथं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात तिथं, दोन तास स्टुलावर बसून राहिले. देव ते मानत नव्हते. पण निघताना वडलांना म्हणाले, "जन्मलेलं पोर आधी डोळे शोधतं. ज्याला दोन डोळे असतात त्याला ते आपलं मानतं. तुम्ही मातीला डोळे काढता तेव्हा माणसाच्या सगळ्यात जुन्या जागी हात घालता." वडलांना अशी दाद कुणी दिली नव्हती. तेव्हापासून ते सरांना घरचे मानायला लागले. इतके, की मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी सरांना मुद्दाम रोह्याहून बोलावलं.

मुलगा वडखळजवळच्या एका कंपनीत होता. बरोबर आईवडील, मामा आणि एक आत्या. आत्याबाईंनी चौकशी चालवली होती. भाकरी येते का, मासे साफ करता येतात का, नोकरी सांभाळून सगळं झेपेल का. मी उत्तरं देत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीतून सर म्हणाले, "जरा मधे बोलतो, माफ करा. सुगरण पक्ष्यात नर घरटं विणतो. मादी येऊन तपासते. ओढून बघते, आत बसून बघते. पसंत नाय पडलं तर निघून जाते, आणि तो बिचारा दुसरं विणायला घेतो. इथं उलटं चाललंय. मुलाला काय येतं ते अजून कळलं नाय."

वडील जाजमाकडे बघत होते. मुलाचे मामा खाकरले. मग मुलानंच बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चपाती येते. भाकरी मात्र फुटते माझी. शिकेन."

आमचं लग्न त्याच वैशाखात झालं. भाकरी अजून फुटते.

पण सरांच्या तोंडून असं निघालेलं प्रत्येक वाक्य सुखाचं ठरलं नाही. ऑफिसातल्या क्लार्कबाईंना बरीच वर्षं मूल नव्हतं. त्यांनी एक चार महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. रोह्याजवळच्या वरसे गावी त्यांच्या घरी बारसं होतं, आम्ही सगळे गेलो होतो. सरांनी मुलीला उचललं, भिंग काढून तिची नखं बघितली, खूश झाले. आणि तिला हातात धरूनच मोठ्यानं बोलले, "कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू वाढतं, पण ते कावळ्याला कळत नाय. माणसाला कळतं नि तरी तो वाढवतो. याचं उत्तर माझ्याजवळ नाय."

त्यांना नवल वाटत होतं. पण ऐकणाऱ्यांना फक्त कावळा आणि कोकिळा ऐकू आलं. क्लार्कबाईंनी मुलगी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांच्या सासूबाई दत्तकाला विरोध करून अखेर गप्प बसल्या होत्या, त्यांना पुन्हा तोंड फुटलं. "मी काय वेगळं म्हणत होते? शिकलेल्या माणसानंच सांगितलं आता. परक्याचं ते परक्याचं." बारशाच्या घरात रडारड झाली. आम्ही न जेवता निघालो.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी शालोमकाकांना सांगितलं. सर बाकावर बसून होते, भिंगाची सुतळी बोटाला गुंडाळत. "मी चूक काय बोललो ते सांग," ते मला म्हणाले. "निसर्गात परक्याच्या पिल्लाला समजून उमजून कोण पोसतं?"

काकांनी हात पुसले. "मास्तर, तू सांगतोस ती निसर्गाची गोष्ट. ती बाई निसर्ग नाय. ती आई हाय. ऊठ."

"कुठं?"

"वरशाला."

काकांनी भर धंद्याच्या वेळी दुकानाची फळी लावली. मीही त्यांच्याबरोबर गेले. क्लार्कबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. सर उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "वर्गात बोलायचं ते मी बारशात बोललो. माझं चुकलं." मग आतल्या पलंगावर बसलेल्या सासूबाईंना त्यांनी हाक मारली. "आजी, तुम्ही लग्न होऊन या घरात आलात, तेव्हा या घराच्या रक्ताच्या व्हतात?"

"नाय," आजी म्हणाल्या.

"ही सून?"

"नाय."

"मग हे घर इतकी वर्षं परक्यांनीच चालवलं की. आता आणखी एक आली."

थोड्या वेळानं आजींनी आतून विचारलं, "चहा टाकू का उभ्या उभ्याच जाणार?" परतताना काका सरांना म्हणाले, "काल हेच बोलला असतास तर?" सर म्हणाले, "काल सुचलं नाय. मला मेलं मागाहून सुचतं."

त्यानंतर चार-पाच वर्षं तशीच गेली. निडी, नागोठणे, कासू अशी घरच्या वाटेवरची स्टेशनं मोजत मी परतायचे आणि डोक्यात त्या दोघांचं भांडण चालू असायचं. मग एका पावसाळ्यात काका दुकानातल्या ओल्या फरशीवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगे तिकडून फोन करत होते, पण धाकट्याला यायला बराच अवधी लागणार होता. दीड महिना काका अंथरुणात होते आणि तो दीड महिना सर त्यांच्या मागच्या खोलीत राहायला गेले.

मी जायचे तेव्हा कधी सर त्यांची नखं कापत असायचे, कधी भांडं धूत असायचे. भांडं म्हणजे कुठलं ते सांगायला नको. भावाच्या घरून पेज आणि भाजी यायची. मटण आलं तर सर ते परत पाठवायचे. "आपल्या हातचं मटण त्याला चालत नाय. त्यांची पद्धत वेगळी." त्यांचा शनिवार आदल्या संध्याकाळीच लागतो, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काकांच्या घरात दिवा लागायचा. काका उठू शकत नव्हते, म्हणून वात सर लावायचे आणि काका पडल्या पडल्या प्रार्थना म्हणायचे. ती संपेपर्यंत सर हात मागे बांधून उभे राहायचे, वर्गातल्या पोरासारखे.

मी एकदा विचारलं, "सर, यात तुमच्या जुन्या माणसाचा काय फायदा?"

"फायदा हाय की. हा मेला तर मी वाद कुणाशी घालू? सगळा स्वार्थ."

पलंगावरून काका म्हणाले, "पंचबाय, हा मुद्दा कुणाला दिलात?" मी म्हणाले, राखून ठेवते.

काका काठीवर चालायला लागले तेव्हा धाकटा मुलगा आला. तो वडलांना घेऊन जायलाच आला होता. काका ऐकत नव्हते. चार दिवस समजावून तो थकला आणि कॉलेजात सरांना भेटायला आला. मी तिथंच होते. "काका, बाबा फक्त तुमचं ऐकतात," तो म्हणाला. "परत पडले तर? दरवेळी तुम्ही किती करणार? तुमचंही वय झालं. तिथं आम्ही दोघं भाऊ आहोत, सुना, नातवंडं आहेत. तुम्ही बोला त्यांच्याशी."

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघतो." नंतरचे दोन दिवस ते स्टाफरूममध्ये कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आज पंच म्हणून चल. मोठा वाद हाय."

काका दुकानात खुर्चीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी. सर नेहमी बाकावर बसायचे. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढलं आणि काकांच्या अगदी समोर बसले.

"शेठ, तू पोरांकडं जा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "तुला पण त्यानं फितवला?"

"कुणी नाय फितवला. शास्त्राचं सांगतो. म्हातारं जनावर आपल्या रक्ताच्या कळपात टिकतं. बाहेर नाय टिकत."

"माझा कळप इथं हाय," काका म्हणाले. "बायको इथं पुरली. आई इथं पुरली. हे दुकान हाय. नि तू हायस."

"मी नाय."

"काय नाय?"

"मी तुझ्या कळपातला नाय. तुझ्यात माझं काय नाय नि माझ्यात तुझं काय नाय. पाव हिस्सा पण नाय. आता केलं मी दीड महिना. परत पडलास तर चार दिवस येईन. पाचव्या दिवशी मला कंटाळा येईल. सहाव्या दिवशी कारण सांगेन. सगळी माणसं अशीच हायत. मी वेगळा नाय. तू माझ्या भरवशावर राहू नको, शेठ. आतला जुना माणूस फक्त रक्ताला ओळखतो."

हे बोलताना सरांचा आवाज अजिबात हलला नाही. बाहेरून एक रिक्षा गेली. एक बाई दोन सोडा मागायला आली, काकांनी हातानंच नाही म्हटलं आणि ती गेली. मला वाटलं आता काका काठी उगारणार. ते बराच वेळ सरांकडे बघत राहिले.

"पंचबाय," शेवटी ते म्हणाले, "मुद्दा कुणाचा?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी मान वळवली नाही, पण त्यांचा हात स्टुलाच्या कडेला आवळलेला मला दिसत होता.

"सरांचा," मी म्हणाले.

"मग हरलो," काका म्हणाले. "बघू, तिकडं पोहे मिळतात काय. मलिद्याला लागतात."

मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवसाचा प्रसाद, गूळखोबऱ्याचे गोड पोहे. पेणचे पोहे मी आणून देते म्हणाले. काका म्हणाले, पाच किलो आण.

त्या दिवशी सर मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हणाले, "सर, हे खोटं होतं." ते म्हणाले, "कुठला भाग?" मी म्हणाले, "पाचव्या दिवसाचा." गाडी आल्यावर त्यांनी मला डबा दाखवला, जसं काही मला तो सापडला नसता.

काका निघाले त्या सकाळी गाडीत सामान सरांनीच लावलं. बॅग अशी नको तशी ठेव म्हणून ड्रायव्हरवर खेकसले. काकांनी त्यांना मिठी मारली तेव्हा ते ताठ उभे होते, दोन्ही हात खाली. गाडी वळणावरून गेल्यावर मला म्हणाले, "पहिला तास कुणाचा हाय?" तो त्यांचाच होता.

पुढचे कितीतरी दिवस ते पाचच्या सुमाराला त्या बंद दुकानापाशी थांबायचे. मग तिथं मोबाइलच्या सामानाचं दुकान आलं. सर तिथंही गेले. माणसाला स्वतःचा फोटो काढावासा का वाटतो, याबद्दल त्या तरुण दुकानदाराशी त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, "काका, कव्हर पायजे का चार्जर?" सरांनी एक कव्हर घेतलं. त्यांच्याकडे बटनांचा फोन होता. त्याला ते बसत नव्हतं.

निवृत्तीनंतर ते गावच्या घरी राहायला गेले. कधी कॉलेजात यायचे, माझ्या शेजारी बसायचे. विषय तोच, पण जोर कमी झाला होता. वाक्य अर्ध्यावर सोडून ते माझ्याकडे बघायचे, पलीकडून कुणी हरकत घेईल म्हणून. मी घ्यायचे, जमेल तशी. पण मी भाषेची बाई. मला डोळ्याचं आणि बाटलीचं काकांसारखं बोलता यायचं नाही.

गेल्या वर्षी सकाळी शेतावरून येऊन सर ओट्यावर टेकले आणि तिथंच गेले. मातीला माणसं खूप होती. वरशाच्या क्लार्कबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी आता अकरावीला आहे.

संध्याकाळी मी काकांच्या मुलाच्या नंबरावर व्हिडिओ कॉल लावला. काका खूप म्हातारे दिसत होते, पण आवाज तोच. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग मला राहवलं नाही.

"काका, तुम्हाला सांगायचं होतं. त्या दिवशी सर तुमच्याशी खोटं बोलले. ते पाचव्या दिवशी कंटाळणारे नव्हते. मीही खोटा निकाल दिला."

"ठाऊक हाय गो," काका म्हणाले. "तेव्हाच कळलं मला. खरं बोलायचा तेव्हा तो इकडंतिकडं बघायचा. त्या दिवशी सगळा वेळ माझ्या डोळ्यांत बघून बोलला."

"मग गेलात कशाला?"

काकांनी फोन जरा जवळ धरला. पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ दिसायला लागलं.

"जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. माझ्यासाठी एवढ्या मेहनतीनं बोलला. त्याला हरवायचं माझ्या जिवावर आलं."

पलीकडे कुठल्यातरी मुलीनं त्यांना हाक मारली, मला न कळणाऱ्या भाषेत. जेवायला असावी. "आलो गो," काकांनी मराठीत उत्तर दिलं, आणि फोन तसाच कपाळाशी धरून बसून राहिले.